गटावर आता फक्त फुलं येतात

आक्कांचा पहिला व्हिडिओ म्हशीचा होता. म्हैस ओढ्यात बसली होती आणि काही केल्या उठत नव्हती. आक्का काठावर उभ्या राहून तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या, आणि फोन धरणारी बाई इतकी हसत होती की चित्र सारखं हलत होतं. फोन धरणाऱ्या त्या बाई म्हणजे गिरणीच्या भाबी.

आक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. परंदवडीच्या जवळ आमचं गाव, तिथं त्या भात करतात, दोन म्हशी सांभाळतात. भाबींची गावात पिठाची गिरणी होती. दोघी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन गावात आल्या. एकीच्या घरी देवघर, दुसरीच्या घरी नमाजाची चटई. पण दोघींची भाषा एकच, मावळची, आणि दोघींना सासूचा जाच सारखाच. त्यातून जी मैत्री झाली ती पुढं सासवा गेल्या, पोरं मोठी झाली, गुडघे दुखायला लागले तरी टिकून होती.

मी लग्नानंतर काही वर्षं आक्कांच्या हाताखाली काढली. मग आम्ही लोणावळ्याला आलो. मी इथं एका हॉटेलच्या रिसेप्शनवर बसते. शनिवार-रविवार डोकं वर काढायला फुरसत नसते, म्हणून सुट्टी मंगळवारी. त्या दिवशी मी गावी जायचे. आक्कांना फोन त्यांच्या मुलानं घेऊन दिला होता, पण त्यांना टाइप करणं जमेना. बोललेलं आपोआप लिहून येतं ते मी त्यांना दाखवलं, तर फोनला त्यांची बोली कळेना. त्या ‘कुटं’ म्हणाल्या की तो भलतंच काहीतरी लिहायचा. शेवटी वैतागून म्हणाल्या, “ह्याला मराठी येत न्हाई. त्यापरीस माझं थोबाडच दाखव लोकास्नी.” अशी व्हिडिओंची सुरुवात झाली.

मग त्या काहीही दाखवायच्या. भाताच्या रोपांची मूठ कशी बांधायची. खेकडा कुठं धरला की नांगी लागत नाही. सोमाटण्याच्या बाजारात भाजीवाला कसा फसवायला बघतो आणि आपण त्याला कसं फसवू द्यायचं नाही. भाबी फोन धरायच्या आणि मागून मधेच बोलायच्या, “आता खरं सांग, मागच्या वेळंला कोन फसलं हुतं?” मग दोघींचं हसणं. लोकांना आक्कांपेक्षा ते मागचं हसणंच जास्त आवडत असावं. मुंबईला, आखाताला गेलेली आपल्याकडची माणसं खाली लिहायची की घरची आठवण आली. हॉटेलात एकदा एका पाहुणीनं मला स्वतःच्या फोनवर आक्कांचाच व्हिडिओ दाखवला, “या बाई बघा किती गोड आहेत.” मी सांगितलं, माझ्या जाऊबाई आहेत. तिला खरं वाटेना.

मग ते गेट आलं.

गावाच्या वरच्या अंगाला, टेकडीच्या उतारावर, बंगल्यांची एक वसाहत उभी राहिली. सुट्टीला येऊन राहायचे बंगले; हिरवळ, पोहण्याचा तलाव आणि भोवती भिंत. त्या भिंतीच्या आत आमची जुनी गाडीवाट गेली. त्या वाटेनं वरच्या भाताच्या खाचरांत जाता यायचं. कागदोपत्री ती वाट होती, पण तिथं गेट बसलं आणि गेटवर एक वॉचमन. सकाळी गेटवर कोणी नसताना वर गेलेल्या आक्का डोक्यावर गवताचा भारा घेऊन खाली येत होत्या, तर वॉचमननं त्यांना आतूनच अडवलं, आलात तसं मागं फिरा म्हणाला. भाबी खाली गेटच्या बाहेर त्यांची वाट बघत होत्या. त्यांनी फोन सुरू केला.

तो व्हिडिओ मी खूप वेळा पाहिला आहे. डोक्यावर भारा तसाच. आवाज चढलेला नाही. आक्का म्हणतात, “ह्या भाऊची काय चूक न्हाई. त्याला हितं उभा केलाय. ज्यानं उभा केलाय त्यानं खाली यावं आन् मला सांगावं, माझ्या सोताच्या खाचरात जायला मी कुनाची परवानगी काढायची?” एवढंच. यावेळी मागून हसणं नाही. फक्त भाबींचा आवाज येतो, “व्हय, सांगा की.”

तो व्हिडिओ तालुकाभर फिरला. तलाठी येऊन वाट बघून गेले. आजूबाजूच्या गावांतल्या बायांनी आपापल्या वाटा दाखवायला सुरुवात केली, आमची पण अशीच बंद केलीय म्हणून. आक्कांना कौतुक वाटलं, थोडी भीतीही वाटली असेल. पण त्या दिवसांत त्यांची मान ताठ होती हे मी पाहिलं आहे.

अशाच एका मंगळवारी मी गावी असताना एक गृहस्थ मोटारसायकलवरून आले. साधा शर्ट, पायात बूट, तोंडात साखर. बूट बाहेर काढून आत आले, आक्कांच्या पाया पडल्यासारखं केलं. म्हणाले, “ताई, मी पोलिसांत आहे. काही काळजी करू नका, सहज आलोय. तुमचे सगळे व्हिडिओ बघतो मी.”

आक्का हरखल्या. “सगळे?”

“सगळे. म्हशीचा तर लय भारी.”

मी चहा टाकला. ते फोनवर बोटं फिरवत गप्पा मारत होते. गेटच्या व्हिडिओखाली कोणी कोणी काय लिहिलं, ते त्यांना आमच्यापेक्षा नीट माहीत होतं. पुण्याला असलेला आक्कांचा भाचा कुठल्या कंपनीत आहे, तो संघटनेत आहे का? तळेगावची अमुक बाई कोण? भाबींनी नुसते हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं, तर ते कशासाठी? आक्का भाबडेपणानं उत्तरं देत होत्या. मला हॉटेलातलं माझं काम आठवत होतं. आम्ही रोज पाहुण्यांच्या ओळखपत्रांच्या झेरॉक्स काढून ठेवतो, आणि एखाद्यानं कशासाठी विचारलं तर मी ‘नियम आहे’ एवढंच सांगते. पण तिथं माणूस समोर उभा असतो आणि स्वतःच्या हातानं कार्ड देतो.

चहा संपवून ते उठले. अंगणात गोठ्याकडे बघत सहज विचारल्यासारखं म्हणाले, “बैल कुठे बांधता ताई?”

“बैल कुटलं आता? विकून लय वर्सं झाली. म्हशीच हायेत.”

“मग गेट कशानं ओढणार?”

आक्कांचा चेहरा मी बघत होते. आधी त्यांना कळलंच नाही. मग कळलं, आणि कपबशी हातातच राहिली. ते गृहस्थ हसले, “गंमत केली. बरं येतो,” म्हणाले आणि बूट घालून निघून गेले.

बैलांची गोष्ट व्हिडिओत नव्हती. गावातल्या बायांचा बचत गट आहे, त्याचा फोनवर एक ग्रुप होता. त्यात मोजक्याच बाया, सगळ्या आळीतल्या, आणि जुनी म्हणून मी. कोणाचा हप्ता, कोणाचं बाळंतपण, कोणाच्या सुनेचा राग, सगळं त्यात चालायचं. गेटच्या प्रकारानंतर आक्कांनी त्यात बोलून एक संदेश टाकला होता, “येक दिस त्या गेटाला बैल जुपून वढते का न्हाई बगा.” बाया त्यावर हसल्या होत्या. भाबींनी उलट विचारलं होतं, बैल कुणाचे आणणार? ते बोलणं त्या ग्रुपमधून बाहेर गेलं होतं.

“कुनी सांगितलं असंल?” आक्कांनी मला विचारलं.

 तो प्रश्न त्या दिवसापासून आळीत राहायला आला.

आठवडाभरात सगळ्या बायांना कळलं की आपल्या गटातलं पोलिसांना कळतं. कोणी भांडण केलं नाही. कोणी कोणाला तोंडावर विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर बरं झालं असतं असं मला आता वाटतं. ग्रुपवरचं बोलणं बंद झालं. हप्त्याचंसुद्धा लोक घरी येऊन सांगू लागले. ग्रुपवर उरली ती सकाळची फुलं. गुलाब, त्यावर दवाचे थेंब, खाली ‘शुभ सकाळ’. एकीनं टाकलं की बाकीच्या हात जोडायच्या. त्यात कुणाला काही धोका नव्हता.

आणि हळूहळू, कोणी ठरवून नाही, संशय भाबींकडे वळला. भाबींचा धाकटा दीर होमगार्डमध्ये होता. सणावाराला बंदोबस्ताला जायचा, पोलिसांच्या गाडीत बसायचा. एवढं कारण पुरलं. आणखीही एक कारण होतं. ते कुणी उच्चारलं नाही, आणि न उच्चारल्यामुळेच ते जास्त चाललं. आपल्या गावात असलं काही नाही असं आम्ही सगळे म्हणत आलो होतो.

आक्का तसं काही बोलल्या नाहीत. पण त्यांनी दळण गिरणीत न्यायचं सोडलं. मुलाच्या मोटारसायकलवर डबा सोमाटण्याला जायला लागला. वाट भाबींच्या दारावरून. मला हे भाबी आल्या तेव्हाच समजलं. मी ओसरीवर तांदूळ निवडत बसले होते. भाबी पायरीशी उभ्या राहिल्या, वर आल्या नाहीत.

“माझ्या दारावरनं डबा सोमाटण्याला जातो,” त्या म्हणाल्या. “माझं काय चुकलं तेवढं सांग.”

आक्का आतून आल्या. “काय न्हाई गं. पोरगं तिकडंच जातंय कामाच्या मागं, म्हून.”

“पोरगं तर सा म्हैनं घरीच हाय.”

आक्का पदराला हात पुसत राहिल्या.  भाबींनी माझ्याकडे बघितलं, मी बसायला सांगितलं. “न्हाई, गिरन चालू ठिवून आलीय,” म्हणाल्या आणि गेल्या. गिरणीचा आवाज येत नव्हता. संध्याकाळी ग्रुपवर एक करडी ओळ आली, भाबींनी गट सोडल्याची. खाली कोणी काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाब आला.

मुलगा घरी बसून आहे हे भाबींचं म्हणणं खरं होतं. त्याला आंबीच्या एका कारखान्यात नोकरी ठरली होती. फक्त पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला यायचा होता. त्याच्याबरोबर ठरलेल्या बाकीच्यांचे दाखले आले, ते कामाला लागले. याचा काही येईना. तो चौकशीला गेला तर सांगितलं, तपासणी चालू आहे. तिसऱ्यांदा गेला तेव्हा टेबलावरचा माणूस म्हणाला, “आधी आईला सांभाळ.”

तो घरी येऊन आक्कांना काही बोलला नाही, मला म्हणाला. “काकी, तू सांग ना आईला. ते व्हिडिओ काढून टाक म्हणावं. तिला काय मिळतंय त्यातनं?” त्याचा राग मला चुकीचा म्हणता येत नव्हता. पण आक्कांना ते सांगावं लागलंच नाही. दुसऱ्या खोलीतून त्यांनी ऐकलं होतं. त्या बाहेर आल्या, फोन त्याच्या हातात दिला. “तूच काड. मला काडता येत न्हाई.” त्यानं गेटचा काढला. आक्का म्हणाल्या, “सगळेच काड.” तो म्हशीच्या व्हिडिओपाशी थांबला, माझ्याकडे बघितलं आणि तो पण काढला.

तरीही दाखला आला नाही.

तेव्हा मी वडगावच्या कोर्टात वकिली करणाऱ्या एका ओळखीच्या बाईंकडे गेले. आमच्या हॉटेलच्या कामानं ओळख झाली होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, “तक्रार कोणी केली होती? बंगलेवाल्यांनी?” माझ्या माहितीप्रमाणे कोणीच नाही. “मग हे बघत कशासाठी होते?” मी म्हटलं, मुलगा चौकशीला गेला तेव्हा तिथले म्हणाले, आम्ही माहिती ठेवतो. वकीलबाई म्हणाल्या, “तेच तर विचारायचं. कशासाठी ठेवता, कोणाच्या परवानगीनं ठेवता आणि किती दिवस ठेवणार.” त्यांनी वरच्या अधिकाऱ्यांच्या नावानं अर्ज तयार केला, आणि सांगितलं की ग्रामसभेचा ठराव सोबत असला तर वजन पडेल.

ग्रामसभेला मी रजा काढून गेले. मला वाटलं होतं, कोणी तोंड उघडणार नाही. सुरुवातीला तसंच झालं. एक तरुण म्हणाला, आपण काही वाईट करत नाही तर बघू देत की, काय बिघडतंय? बऱ्याच माना हलल्या. मग पुढं बसलेले एक आबा बोलले. ते ऐंशीच्या पुढचे, त्यांच्याकडे फोनही नाही. “म्होरल्या काळी बी चावडीवर कोन काय बोललं ते वर कळायचं,” ते म्हणाले. “पर सांगनारा मानूस आमच्यातच बसल्याला असायचा. तो आला की आमी इषय बदलायचो. आता तो कुटं बसतोय त्येच कळत न्हाई. मंग मानसानं बोलायचं कुटं?”

ठराव झाला. सही करताना काही जणांचे हात अडले, पण झाला. अर्ज देताना आक्का यायला तयार नव्हत्या. “माझ्यापायी पोराचं आनि बिगडायचं.” शेवटी मुलगाच म्हणाला, “आई, चल. आता काय बिघडायचं राहिलंय?”

अधिकारी बाई होत्या, वयानं माझ्याएवढ्या. त्यांनी अर्ज दोनदा वाचला. मग त्या मोटारसायकलवाल्या गृहस्थांना बोलावून घेतलं. ते वर्दीत होते, त्यामुळं मी आधी ओळखलंच नाही. बाईंनी विचारलं, “यांच्या खाजगी ग्रुपमधलं बोलणं तुम्हाला कुठून मिळालं?”

ते चाचरत बोलले. सोमाटण्याजवळच्या एका ढाब्यावर पोरांची मारामारी झाली होती. त्यात एका पोराचा फोन जप्त केला होता. फोन त्याच्या आईचा होता. ती आमच्याच गावची, बचत गटातली. फोन तपासताना ग्रुप दिसला, गेटचं प्रकरण चालूच होतं, म्हणून वाचला.

मला ती बाई लगेच आठवली. फोन बिघडलाय, दुकानात दिलाय, असं ती तेव्हा सगळ्यांना सांगत होती. पोरगा मारामारीत सापडला हे तिला लाजेनं सांगवलं नव्हतं. बस्, एवढंच. कोणी मुद्दाम जाऊन काही सांगितलं नव्हतं.

आक्का खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. अधिकारी बाईंना वाटलं त्या घाबरल्या आहेत. त्या म्हणाल्या, “मावशी, तुम्ही काही गुन्हा केलेला नाही. वाटेबद्दल बोलणं हा गुन्हा नसतो.” आक्का मानेनं नाही नाही म्हणत होत्या. त्या कशाला नाही म्हणत होत्या ते मला कळत होतं.

बाईंनी त्यांच्या हद्दीपुरता लेखी आदेश काढला. लेखी तक्रार असल्याशिवाय आणि त्यांची स्वतःची सही असल्याशिवाय कोणाच्या लिखाणावर, व्हिडिओवर पाळत ठेवायची नाही. एका गुन्ह्यात जप्त केलेला फोन दुसऱ्या कामासाठी उघडायचा नाही. आक्कांबद्दल जे जमा केलं होतं ते नष्ट करायचं. घरच्यांनी काय लिहिलं यावरून कोणाचा दाखला अडवायचा नाही. मुलाचा दाखला त्याच आठवड्यात आला. वकीलबाईंना मी आनंदानं फोन केला तर त्या म्हणाल्या, “चांगलं झालं. पण हा त्या बाईंचा भलेपणा आहे, कायदा नाही. त्यांची बदली झाली की पुढचा माणूस हा कागद कुठं ठेवतो ते बघायचं. कायद्यातच बांध घातला पाहिजे.” अजून तरी तसा बांध मी पाहिलेला नाही. बाईंची बदली मात्र झाली.

अर्ज दिला त्या दिवशी आम्ही कचेरीतून बाहेर पडत होतो तेव्हा ते गृहस्थ मागून आले. मला म्हणाले, “मॅडम, मला रोज अहवाल द्यावा लागतो. काही नाही असं लिहिलं की वरून विचारतात, मग तू दिवसभर करतोस काय?” मग आक्कांकडे न बघता म्हणाले, “म्हशीचा व्हिडिओ मी घरी सगळ्यांना दाखवला होता. खरंच.” आक्का पुढे चालायला लागल्या होत्या.

“शिरगावला चल,” त्या मला म्हणाल्या.

भाबी तोपर्यंत गाव सोडून शिरगावला राहायला गेल्या होत्या. गिरणीला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. एक तर लोक तयार पीठ आणायला लागले होते, आणि आक्कांचं बघून आळीतल्या इतर बायांनीही डबे वळवले होते. भाबींच्या मुलानं साईबाबांच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर हार-फुलांचं दुकान टाकलं होतं. भाबी तिथंच बसल्या होत्या, मांडीवर झेंडूचा ढीग, हातात सुई. आम्हाला बघून उठल्या. मुलाला सांगून थंड बाटल्या मागवल्या. खुर्च्या पुसून दिल्या.

आक्का बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं, ढाब्याचं, फोनचं, सगळं. शेवटी म्हणाल्या, “मला वाटलं हुतं तू सांगितलंस.”

“मला ठावं हुतं तुला काय वाटलं त्ये,” भाबी म्हणाल्या. “मी वाट बगत हुते, आज इचारशील, उद्या इचारशील. इचारलं असतंस तर दोन शिव्या दिल्या असत्या तुला, आन् मिटलं असतं. तू इचारलंच न्हाईस.”

“भ्या वाटलं गं.”

“माजं?”

आक्का रडायला लागल्या. भाबींनी त्यांना धरून खुर्चीत बसवलं, पाठीवरून हात फिरवला. “जाऊ दे. झालं गेलं,” त्या म्हणत होत्या. पण त्यांचे स्वतःचे डोळे कोरडे होते, आणि एक गिऱ्हाईक हार मागायला आलं तेव्हा त्या पटकन उठून गेल्या. परत आल्यावर विचारलं, “औंदा भात कसा हाय?” आक्का म्हणाल्या बरा आहे. मग आम्ही निघालो.

पुढं मी एकदा आक्कांना पुन्हा व्हिडिओ करू या म्हटलं. आदेश आहे, मुलगा कामाला लागला, आता कोण काय करणार? त्या तयार झाल्या. नवं पातळ नेसल्या. मी फोन धरला. आक्का समोर बघून म्हणाल्या, “नमस्कार. आज मी आपणांस भाताविषयी माहिती सांगणार आहे.” मी थांबले. म्हटलं, आक्का, असं काय बोलताय? नेहमीसारखं बोला ना. त्या म्हणाल्या, “न्हाई, नीट बोललेलं बरं. कुनी ऐकलं तर.” तीनदा केलं, तिन्ही वेळा तसंच. मी ते कुठं टाकले नाहीत.

गेटला आता बाजूला एक अरुंद दार केलं आहे. पायी जाता येतं. भारा घेऊन जायचं तर तिरकं व्हावं लागतं. पॉवर टिलर नेता येत नाही, तो लांबून फिरवून न्यावा लागतो. आक्का त्याबद्दल कुठं काही बोलत नाहीत.

मागच्या थंडीत भाबींच्या मुलीचं लग्न तळेगावच्या एका हॉलमध्ये झालं. पत्रिका घरी आली होती. आक्कांनी चांगली साडी घेतली, मला बोलावून घेतलं, दोघी गेलो. पूर्वी भाबींच्या घरी कार्य असलं की आक्का दोन दिवस आधी जाऊन बसायच्या. तांदूळ निवडायच्या, कांदे चिरायच्या, नवरीच्या आजीशी भांडायच्या. त्या दिवशी भाबींनी दारातच आमचं स्वागत केलं. हाताला धरून पुढच्या रांगेत नेऊन बसवलं. आम्हाला सगळ्यांच्या आधी पहिल्या पंगतीत वाढलं, आणि भाबी जातीनं दोनदा येऊन विचारून गेल्या, काही कमी तर नाही ना?

“काय कमी न्हाई,” आक्का दोन्ही वेळा म्हणाल्या, आणि पानात होतं ते सगळं संपवलं.